रनिंग मेट कसा निवडला जातो? दोन जॉन्सन यांच्या इतिहासातून समजून घेऊया

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक आली की आपल्याकडच्या बातम्यांतही ‘रनिंग मेट’ हा शब्द ऐकू येऊ लागतो. राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ज्या व्यक्तीला आपल्यासोबत उपराष्ट्राध्यक्षपदासाठी उभे करतो, ती व्यक्ती म्हणजे त्याचा रनिंग मेट. २०२४ साली डोनाल्ड ट्रम्प यांनी १५ जुलैला जे. डी. व्हान्स यांचे नाव जाहीर केले, तर कमला हॅरिस यांनी ६ ऑगस्टला टिम वॉल्झ यांचे. दोन्ही वेळा वाहिन्यांवर एकच चर्चा होती : या नावामुळे मते किती वाढतील?

निवडणूक जिंकायची असेल तर हा प्रश्न विचारावाच लागतो. पण शोषित, वंचित समाजाच्या बाजूने राजकारणाकडे पाहणाऱ्या कार्यकर्त्याने तिथेच थांबून चालत नाही. अमेरिकेत आजवर ४५ व्यक्ती राष्ट्राध्यक्ष झाल्या. त्यांतल्या ९ जणांना ते पद पहिल्यांदा मिळाले ते निवडणुकीने नव्हे, तर राष्ट्राध्यक्ष मरण पावले किंवा पायउतार झाले म्हणून. म्हणजे दर पाचातली एक व्यक्ती उपराष्ट्राध्यक्षपदावरून थेट सत्तेवर आली. मते जोडण्यासाठी शेवटच्या क्षणी निवडलेल्या माणसाच्या हातात लाखो लोकांचे भवितव्य गेले, असे तिथे वारंवार घडले आहे. म्हणून ही निवड कशी होते आणि तिचे परिणाम कुणाला भोगावे लागतात, हे नीट समजून घेतले पाहिजे.

हे पद नेमके काय आहे?

अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्षपद आणि आपले उपराष्ट्रपतिपद यांत मोठा फरक आहे. भारतात उपराष्ट्रपतींची निवड संसदेच्या दोन्ही सभागृहांचे सदस्य स्वतंत्रपणे करतात. राष्ट्रपतिपद रिकामे झाले तर उपराष्ट्रपती काही काळ कार्यभार सांभाळतात आणि ६ महिन्यांच्या आत नव्या राष्ट्रपतींची निवडणूक घ्यावी लागते. मे १९६९ मध्ये डॉ. झाकीर हुसेन यांचे निधन झाले तेव्हा व्ही. व्ही. गिरी यांनी असाच कार्यभार घेतला होता.

अमेरिकेत मतदार राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्ष या जोडीला मिळून एकच मत देतो. वरचा उमेदवार आवडला आणि खालचा आवडला नाही, तरी दोघांना वेगळे करता येत नाही. राष्ट्राध्यक्ष गेले तर उपराष्ट्राध्यक्ष उरलेल्या संपूर्ण मुदतीसाठी राष्ट्राध्यक्ष होतात. मध्ये नवी निवडणूक होत नाही. १८४१ साली जॉन टायलर यांनी हा पायंडा पाडला आणि १९६७ च्या २५ व्या घटनादुरुस्तीने तो स्पष्ट शब्दांत लिहिला गेला.

बाकी या पदाला घटनेने दिलेले काम थोडेच आहे. उपराष्ट्राध्यक्ष सिनेट या वरिष्ठ सभागृहाचे अध्यक्ष असतात आणि दोन्ही बाजूंना समान मते पडली तरच त्यांना निर्णायक मत देता येते. बाकीचे काम राष्ट्राध्यक्ष देतील तेवढेच. १९७७ नंतर जिमी कार्टर यांनी वॉल्टर माँडेल यांना व्हाइट हाउसच्या वेस्ट विंगमध्ये कार्यालय दिले, त्यांच्याशी सल्लामसलत सुरू केली, तेव्हापासून या पदाचे वजन वाढले. पण ते वजन राष्ट्राध्यक्षांच्या मर्जीवरच अवलंबून राहिले आहे.

सुरुवातीला रनिंग मेट हा प्रकारच नव्हता. प्रत्येक निर्वाचक दोन मते देई, सर्वाधिक मते मिळवणारा राष्ट्राध्यक्ष होई आणि दुसरा उपराष्ट्राध्यक्ष. त्यामुळे १७९६ साली जॉन अ‍ॅडम्स राष्ट्राध्यक्ष आणि त्यांचे विरोधक थॉमस जेफरसन उपराष्ट्राध्यक्ष झाले. १८०० साली जेफरसन आणि त्यांच्याच पक्षाचे अ‍ॅरन बर यांना प्रत्येकी ७३ मते पडली. अखेर प्रतिनिधिगृहात मतदानाच्या ३६ फेऱ्या झाल्यावर जेफरसन निवडून आले. या गोंधळानंतर १८०४ साली १२ वी घटनादुरुस्ती झाली आणि दोन्ही पदांसाठी वेगळी मते द्यायची पद्धत आली. जोडीच्या राजकारणाचा रस्ता तिथून मोकळा झाला.

निवड कोण करते आणि कशी?

पूर्वी पक्षाच्या अधिवेशनात प्रतिनिधी आणि प्रांतोप्रांतीचे पुढारी बसून उपराष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवत. राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराला त्यात शेवटचा शब्द असेच असे नाही. १९४० साली फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी हेन्री वॉलेस यांच्यासाठी हट्ट धरला आणि तो पुरा करून घेतला. हळूहळू उमेदवारानेच नाव ठरवायचे आणि अधिवेशनाने त्यावर शिक्कामोर्तब करायचे, अशी रीत पडली.

आज या कामासाठी वेगळी टीम असते. आधी संभाव्य नावांची यादी होते. मग वकील त्या प्रत्येकाची आयकर विवरणे, व्यवसाय, जुनी भाषणे, सभागृहातले मतदान, प्रकृती, कुटुंबाचे व्यवहार असे सगळे तपासतात. शेवटी दोन-तीन जणांच्या मुलाखती होतात आणि अधिवेशनाच्या तोंडावर नाव जाहीर होते. ही तपासणी ढिली पडली तर काय होते, ते १९७२ साली दिसले. जॉर्ज मॅकगव्हर्न यांनी टॉमस ईगलटन यांना निवडले. ईगलटन यांनी नैराश्यासाठी विजेच्या झटक्यांचे उपचार घेतल्याचे नंतर उघड झाले आणि अवघ्या १८ दिवसांत त्यांना बाजूला व्हावे लागले. आजारी माणसाकडे समाज कसा पाहतो याचाही तो पुरावा होता, पण प्रचाराचे नुकसान व्हायचे ते झालेच.

निवडीमागची गणिते साधारण चार असतात.

पहिले गणित प्रदेशाचे. उमेदवार उत्तरेचा असेल तर सोबती दक्षिणेचा. मात्र सोबत्याचे राज्य हमखास मिळते असे नाही. २००४ साली जॉन एडवर्ड्स यांचे नॉर्थ कॅरोलायना आणि २०१२ साली पॉल रायन यांचे विस्कॉन्सिन त्यांच्या पक्षाला जिंकता आले नाही.

दुसरे गणित अनुभवाचे. २००८ साली तुलनेने तरुण असलेल्या बराक ओबामा यांनी १९७३ पासून सिनेटमध्ये असलेल्या जो बायडेन यांना घेतले. २००० साली जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी माजी संरक्षणमंत्री डिक चेनी यांना घेतले. गंमत म्हणजे योग्य नाव शोधायची जबाबदारी चेनी यांच्याकडेच होती. निर्वाचकाला आपल्याच राज्यातल्या दोघांना दोन्ही पदांसाठी मत देता येत नाही. बुश टेक्सासचे आणि चेनीही तेव्हा तिथेच राहत होते, म्हणून चेनी यांनी आपली मतदार नोंदणी टेक्सासमधून वायोमिंगला हलवली.

तिसरे गणित पक्षातल्या गटांचे. १९८० साली रोनाल्ड रेगन यांनी उमेदवारीच्या लढतीत आपल्याशी झुंजलेल्या जॉर्ज बुश यांनाच सोबत घेतले. २०१६ साली ट्रम्प यांनी कर्मठ ख्रिस्ती मतदारांना आश्वस्त करण्यासाठी माइक पेन्स यांना निवडले.

चौथे गणित समाजघटकांचे. १९८४ मध्ये जेराल्डिन फेरारो, २००८ मध्ये सारा पेलिन आणि २०२० मध्ये कमला हॅरिस यांची निवड करताना महिला किंवा कृष्णवर्णीय मतदारांचा विचार उघडपणे झाला.

या चारही गणितांत एक गोष्ट मागे पडते. हा माणूस उद्या सर्वोच्च पदावर बसला तर काय करील? या प्रश्नाचे उत्तर पाहायचे तर दोन जॉन्सन यांचा इतिहास पाहावा. दोघे दक्षिणेतले. दोघांना उत्तरेतल्या नेत्याच्या जोडीला समतोल साधण्यासाठी घेतले गेले. दोघेही हत्येनंतर राष्ट्राध्यक्ष झाले.

पहिला जॉन्सन : १८६४

गुलामगिरीच्या प्रश्नावरून अमेरिकेत यादवी युद्ध सुरू होते. अब्राहम लिंकन दुसऱ्यांदा उभे होते. त्यांचे उपराष्ट्राध्यक्ष हॅनिबल हॅमलिन हे गुलामगिरीचे कडवे विरोधक. जून १८६४ मध्ये बाल्टिमोरच्या अधिवेशनात त्यांना वगळून टेनेसीचे अँड्र्यू जॉन्सन यांना उमेदवारी देण्यात आली. जॉन्सन विरोधी डेमोक्रॅटिक पक्षाचे होते, पण दक्षिणेतली राज्ये फुटून गेली तेव्हा ते संघराज्याच्या बाजूने उभे राहिले. त्यांच्यामुळे युद्धाला पाठिंबा देणारे डेमोक्रॅट मतदार मिळतील, हा हिशेब होता. या निवडीत लिंकन यांचा स्वतःचा हात किती, यावर इतिहासकारांत आजही वाद आहे.

जॉन्सन गरीब घरातून, शिंपीकाम करत वर आलेले. मोठ्या जमीनदारांचा त्यांना राग होता. पण त्यांनी स्वतः गुलाम बाळगले होते आणि कृष्णवर्णीयांना समान माणूस मानायची त्यांची तयारी नव्हती. भाषणात मात्र ते मागे नव्हते. ऑक्टोबर १८६४ मध्ये नॅशव्हिल येथे कृष्णवर्णीयांच्या सभेत त्यांनी ‘मी तुमचा मोझेस होईन’ अशा आशयाचे वचन दिले. मोझेस म्हणजे बायबलमध्ये आपल्या लोकांना गुलामीतून बाहेर काढणारा नेता.

४ मार्च १८६५ रोजी शपथविधी झाला. १४ एप्रिलला लिंकन यांना गोळी घातली गेली आणि १५ एप्रिलला जॉन्सन राष्ट्राध्यक्ष झाले. शपथविधीला जेमतेम ६ आठवडे झाले होते.

त्या वेळी सुमारे ४० लाख माणसे गुलामीतून बाहेर पडत होती. त्यांना जमीन हवी होती, संरक्षण हवे होते, मताचा अधिकार हवा होता. जानेवारी १८६५ मध्ये जनरल शर्मन यांच्या आदेशाने दक्षिणेच्या किनारपट्टीवर प्रत्येक कुटुंबाला ४० एकरपर्यंत जमीन द्यायला सुरुवात झाली होती आणि सुमारे ४० हजार लोक तिथे वसले होते. जॉन्सन यांनी बंडखोर जमीनदारांना माफी दिली आणि बहुतेक जमीन जुन्या मालकांना परत केली. ज्यांनी पिढ्यान्पिढ्या ती जमीन कसली, त्यांच्या हातून ती काही महिन्यांत गेली.

त्याच वर्षाअखेरीस मिसिसिपी, साउथ कॅरोलायना आणि इतर राज्यांनी कृष्णवर्णीयांसाठी वेगळे कायदे केले. बेकार दिसणाऱ्या कृष्णवर्णीयाला भटका ठरवून पकडायचे, दंड भरता आला नाही की दुसऱ्याच्या शेतात कामाला जुंपायचे. आपल्याकडे वेठबिगारीचा इतिहास माहीत असलेल्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. ७ फेब्रुवारी १८६६ रोजी फ्रेडरिक डग्लस आणि त्यांचे सहकारी मताधिकाराची मागणी घेऊन जॉन्सन यांना भेटले. त्यांना रिकाम्या हाताने परत यावे लागले.

पुढच्याच महिन्यात अमेरिकी काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, नागरी हक्क कायदा मंजूर केला. जॉन्सन यांनी नकाराधिकार वापरला. काँग्रेसने ९ एप्रिल १८६६ रोजी दोनतृतीयांश बहुमताने तो नकाराधिकार मोडून कायदा लागू केला. १८६८ साली जॉन्सन यांच्यावर महाभियोग चालला आणि सिनेटमध्ये केवळ एका मताने ते वाचले. तोपर्यंत ज्या काळात सगळे बदलू शकले असते, तो काळ निघून गेला होता.

हा इतिहास आपल्यालाही परका नाही. जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अर्पण केला तो गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. आणि बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४७ साली ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये विषम वागणुकीविरुद्ध संरक्षणाची तरतूद मांडली, तेव्हा आधार म्हणून अमेरिकेच्या १८६६ आणि १८७५ च्या नागरी हक्क कायद्यांचा उल्लेख केला. जॉन्सन यांनी जो कायदा रोखू पाहिला, तोच ८१ वर्षांनी बाबासाहेबांच्या कामी आला.

दुसरा जॉन्सन : १९६०

जॉन एफ. केनेडी हे ईशान्येकडच्या मॅसॅच्युसेट्सचे आणि कॅथलिक. दक्षिणेत त्यांना मते मिळणे अवघड होते. त्यांनी टेक्सासचे लिंडन जॉन्सन यांना सोबत घेतले. कामगार संघटना आणि नागरी हक्कांच्या बाजूचे अनेक नेते नाराज झाले, कारण लिंडन जॉन्सन यांनी संसदेतल्या सुरुवातीच्या जवळपास २० वर्षांत नागरी हक्कांच्या विधेयकांना विरोधच केला होता. पण गणित बरोबर ठरले. केनेडी यांनी टेक्सास सुमारे ४६ हजार मतांनी जिंकले.

२२ नोव्हेंबर १९६३ रोजी केनेडी यांची डॅलस येथे हत्या झाली. पाचव्या दिवशी नव्या राष्ट्राध्यक्षांनी काँग्रेससमोर उभे राहून रखडलेले नागरी हक्क विधेयक मंजूर करा, असे सांगितले. सिनेटमधल्या दक्षिणेच्या सदस्यांना, म्हणजे स्वतःच्याच जुन्या मित्रांना, त्यांनी हरवले. २ जुलै १९६४ रोजी त्या कायद्यावर आणि ६ ऑगस्ट १९६५ रोजी मताधिकार कायद्यावर त्यांची सही झाली. याच जॉन्सन यांनी व्हिएतनाममधले युद्ध वाढवले, हेही विसरता येणार नाही. पण वर्णभेदाच्या प्रश्नावर पहिल्या जॉन्सन यांनी जे दार बंद केले, ते उघडायला दुसऱ्या जॉन्सन यांनी जोर लावला.

फरक कशामुळे पडला?

प्रदेश एक, वर्ण एक, निवडीचे कारणही एक. मग परिणाम उलटे का?

पहिले कारण त्यांच्या कामाच्या नोंदीत सापडते. अँड्र्यू जॉन्सन यांचे भाषण मुक्तीचे होते, पण कृष्णवर्णीयांना अधिकार द्यायची वेळ आली की त्यांचे हात आखडत. लिंडन जॉन्सन यांची नोंद संमिश्र होती, पण तिची दिशा बदलू लागली होती. १९५६ साली शाळांतल्या वर्णविभाजनाच्या बाजूने दक्षिणेच्या खासदारांनी काढलेल्या जाहीरनाम्यावर त्यांनी सही केली नव्हती. १९५७ साली सिनेटमधले बहुमताचे नेते म्हणून त्यांनी नागरी हक्क कायदा पार करून घेतला. तो कमजोर होता, पण १८७५ नंतरचा तसा पहिलाच.

दुसरे कारण जास्त महत्त्वाचे आहे. १८६५ साली नुकत्याच मुक्त झालेल्या लोकांच्या सभा होत होत्या, अर्ज जात होते, पण बहुतेकांच्या हातात मत नव्हते आणि देशभर पसरलेली संघटना उभी राहायची होती. १९६० च्या दशकात चळवळ उभी होती. १ फेब्रुवारी १९६० रोजी ग्रीन्सबरो येथे चार कृष्णवर्णीय विद्यार्थी गोऱ्यांसाठी राखीव असलेल्या उपाहारगृहाच्या काउंटरवर जाऊन बसले. १९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या रस्त्यांवर मुलांनी पोलिसांचे कुत्रे आणि पाण्याचे फवारे अंगावर घेतले. २८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टनमध्ये प्रचंड मोर्चा निघाला. मार्च १९६५ मध्ये सेल्माच्या पुलावर लोकांनी लाठ्या खाल्ल्या आणि पाच महिन्यांत मताधिकार कायदा झाला. लिंडन जॉन्सन यांना इतिहासात जे स्थान मिळाले, त्यामागे या लोकांचे रक्त आहे.

दुसरे स्थान आणि प्रतिनिधित्व

२०२० साली बायडेन यांनी मार्चमध्येच महिलेला निवडण्याचे जाहीर केले होते. २५ मे रोजी जॉर्ज फ्लॉइड यांचा पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेला, देशभर आंदोलन पेटले आणि कृष्णवर्णीय महिलेला निवडा, अशी मागणी जोर धरू लागली. शर्यतीत असलेल्या गोऱ्या सिनेटर एमी क्लोबुशार यांनी माघार घेत तेच सुचवले. ११ ऑगस्टला कमला हॅरिस यांचे नाव आले. त्या पहिल्या महिला, पहिल्या कृष्णवर्णीय आणि पहिल्या दक्षिण आशियाई वंशाच्या उपराष्ट्राध्यक्ष झाल्या. रस्त्यावरच्या दबावाने उमेदवाराची निवड बदलू शकते, हे यातून दिसले.

पुढे काय झाले, तेही पाहायला हवे. हॅरिस यांनी सिनेटमध्ये ३३ वेळा निर्णायक मत दिले. इतकी मते आजवर कोणत्याही उपराष्ट्राध्यक्षांनी दिलेली नाहीत. पण ज्या आंदोलनाने वातावरण तापवले होते, त्याच्या मुख्य मागणीचे, म्हणजे पोलीस सुधारणांचे विधेयक प्रतिनिधिगृहात मंजूर होऊनही सिनेटमध्ये अडकले. तिथल्या नियमांप्रमाणे चर्चा थांबवून मतदान घ्यायला १०० पैकी ६० मते लागत होती आणि एका निर्णायक मताने ती भिंत पडत नव्हती. खुर्ची मिळाली, पण हव्या त्या ठिकाणी अधिकार नव्हता.

आपल्याकडेही हा अनुभव नवा नाही. युती-आघाड्यांत एखाद्या समाजाला ‘उप’ लावलेले पद देऊन त्याची बोळवण होते. उपमुख्यमंत्री हे पद तर संविधानात लिहिलेलेही नाही. ते पद भूषवणारी व्यक्ती कायद्याच्या दृष्टीने मंत्रीच असते. तिच्याकडे खाते कोणते, निधी किती, यावर तिची ताकद ठरते. नाव जाहीर झाल्यावर गुलाल उधळण्याआधी हे विचारायला हवे.

कार्यकर्त्यांनी काय तपासावे?

अमेरिकेत पुढची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक २०२८ साली आहे. तेव्हा रनिंग मेटची नावे येतील. आपल्या राज्यात तर उमेदवारांच्या जोड्या आणि पदांच्या वाटण्या सतत सुरू असतात. अशा प्रत्येक वेळी चार गोष्टी पाहता येतील.

एक, वरचा माणूस उद्या नसला तर हा काय करील? त्यासाठी भाषणे बाजूला ठेवून सभागृहातले त्याचे मतदान आणि जमीन, शिक्षण, संरक्षण या प्रश्नांवर त्याने घेतलेले निर्णय वाचावेत.

दोन, त्याला कोणत्या मतांसाठी घेतले आहे आणि ती मते मिळाल्यावर त्याची गरज उरते का?

तीन, पदासोबत कोणता अधिकार लेखी मिळतो आणि कोणता दुसऱ्याच्या मर्जीवर राहतो?

चार, आणि हा प्रश्न स्वतःला विचारायचा : या माणसाने शब्द फिरवला तर त्याला जाब विचारण्याइतकी आपली संघटना मजबूत आहे का? १८६५ आणि १९६५ या दोन सालांमधला सर्वांत मोठा फरक याच प्रश्नाच्या उत्तरात आहे. उमेदवार निवडणे नेत्यांच्या हातात असेल. संघटना बांधणे मात्र आपल्या हातात आहे, आणि त्यासाठी निवडणुकीची वाट पाहावी लागत नाही.